अध्ययनशैली आणि अभ्यासाचे तंत्र: वैद्यकीय विद्यार्थ्यांची होणारी गल्लत

व्हार्क प्रश्नावली भरून ‘मी श्रवणप्रधान आहे’ असे सांगणारा एमबीबीएसचा विद्यार्थी आपली आवड सांगत असतो. त्याच्या काय लक्षात राहील, याचा पत्ता त्यातून लागत नाही. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी तयार केलेली ही प्रश्नावली दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती यांपैकी कोणत्या मार्गाने माहिती घ्यायला आवडते, एवढेच पाहते. ही झाली अध्ययनशैली. हाती आलेली माहिती आपण पुन्हा पुन्हा वाचतो, पुस्तक मिटून आठवून पाहतो, की काही दिवस जाऊ देऊन स्वतःची परीक्षा घेतो, हे मात्र अभ्यासाचे तंत्र.

शैलीप्रमाणे शिकवले तर शिकणे सुधारते, या समजुतीचा मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली आढावा घेतला, तेव्हा तिला पुरेसा पुरावा आढळला नाही.

तंत्राबाबत चित्र निराळे आहे. अमेरिकेत बालरोग आणि आपत्कालीन वैद्यकशास्त्राच्या निवासी डॉक्टरांवर झालेला, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यांना स्टेटस एपिलेप्टिकस (न थांबणारी अपस्माराची झटक्यांची अवस्था) आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर थकवणारा आजार) हे दोन विषय शिकवले गेले. नंतर सुमारे दोन-दोन आठवड्यांनी प्रत्येकाने एका विषयावर चाचणी दिली आणि दुसऱ्याची टिपणे नुसती वाचली. सहा महिन्यांहून अधिक काळाने घेतलेल्या परीक्षेत चाचणी दिलेल्या विषयात सरासरी 39 टक्के, तर वाचलेल्या विषयात 26 टक्के गुण पडले. तुलना प्रत्येक डॉक्टरची स्वतःशीच असल्यामुळे कोणाची शैली कोणती, या प्रश्नाने हा फरक उलगडत नाही.

शिवाय रुग्णाजवळ माध्यम विद्यार्थ्याच्या आवडीवर नव्हे, तर विषयावर ठरते. मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे हृदयाची झडप अरुंद होण्याच्या विकाराचा, मर्मर (हृदयातला जादा आवाज) रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोपची बेल (घंटेसारखी बाजू) हलकेच टेकवून कानांनीच ऐकावा लागतो, मग विद्यार्थी स्वतःला दृश्यप्रधान म्हणवत असला तरीही. आणि छातीचा एक्स-रे श्रवणप्रधान विद्यार्थ्यालाही डोळ्यांनीच वाचावा लागतो.

आकृत्या आवडणाऱ्याने आकृत्या जरूर काढाव्यात, पण त्या पुस्तक मिटून, आठवून काढाव्यात. विभागाला एखादा तास मोकळा मिळाला, तर शिक्षकांनी तो शैली मोजण्यात न घालवता दोन आठवड्यांपूर्वीच्या व्याख्यानावर प्रश्न विचारण्यात घालवावा आणि उत्तरे त्याच तासात तपासून द्यावीत.