लॅटिनमधील लेखनवाचक क्रियापदे

लिहिणे, कोरणे, टिपणे, नक्कल करणे, खोडणे, मजकूर सांगणे आणि सही करणे या कृतींसाठी लॅटिन भाषेत वापरलेली क्रियापदे. त्यांत ‘स्क्रीबेरे’ हे मुख्य. उपसर्ग लागून त्याची जी रूपे झाली, ती रोमन कायदा, सेनाभरती, पेढीव्यवहार आणि राज्यकारभार यांच्या परिभाषेत इतकी रुजली की रोमन सत्तेचा इतिहास या एका धातूच्या आधारे बराचसा सांगता येतो. येथे क्रियापदे अभिजात उच्चारानुसार आणि ‘लिहिणे’ अशा भाववाचक रूपात दिली आहेत. कोशांत ती प्रथमपुरुषी एकवचनाखाली (स्क्रीबो, ‘मी लिहितो’) सापडतात. व्यक्तिनामे मराठीत रुळलेल्या रूपात ठेवली आहेत.

व्युत्पत्ती : स्क्रीबेरेचा मूळ अर्थ ‘ओरखडणे, टोकाने रेघ पाडणे’ असा असावा, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. मतभेद आहेत ते मूळ धातूचे रूप आणि शब्दाचा प्रवास यांविषयी. सामान्यतः ‘स्क्रेइभ्’ असा इंडो-यूरोपीय धातू कल्पितात. ग्रीकमधील स्कारिफोस (रेखाटणी) आणि स्कारिफास्थाइ (ओरखडणे) हे शब्द त्याच्या जवळचे दिसतात, पण त्यांतील स्वरांची मांडणी वेगळी आहे. शब्द ग्रीकमधून उसना आला असावा, हे मत त्या साम्यावर उभे आहे. त्याविरुद्ध महत्त्वाचा पुरावा लॅटिनच्या भगिनीभाषांचा. बान्तिया येथील पट्टावर ऑस्कन भाषेत ‘स्क्रिफ्तास’, तर इगुवियम येथील पट्टांवर उम्ब्रियन भाषेत ‘स्क्रेह्तो’ अशी ‘लिहिलेले’ या अर्थाची रूपे आहेत. या रूपांवरून मूळ व्यंजन भ् होते की प् हे ठरवता येत नाही, कारण ऑस्कनमध्ये प्त् चे फ्त् आणि उम्ब्रियनमध्ये ह्त् होणे नियमितच आहे. तिन्ही भाषांनी शब्द वेगवेगळा उसना घेतला असणेही अशक्य नाही. तथापि तो इटालिक शाखेचा जुना ठेवा आहे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ग्रीक ‘ग्राफेइन’चा मूळ अर्थही कोरणे हाच, पण तो धातू निराळा.

रोमनांकडे लिपी ग्रीकांकडून, इटलीतील शेजारी एट्रुस्कन लोकांमार्फत आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. एट्रुस्कनमध्ये लिहिण्याचा धातू ‘झिख्’ असा होता. क्लुसियम (आजचे क्यूझी) येथील एका द्विभाषिक लेखात एट्रुस्कन ‘झिकु’ या कुलनामाशेजारी लॅटिन ‘स्क्रिबोनियुस’ येते, ते या अर्थाला पोषक आहे. म्हणजे अक्षरे परक्यांची घेतली, तरी क्रियापद रोमनांनी आपलेच ठेवले. संस्कृत लिख् धातूचाही जुना अर्थ ओरखडणे हाच आहे. मात्र त्याचा स्क्रीबेरेशी संबंध नाही. लॅटिन ‘पिंगेरे’ (रंगवणे) या क्रियापदाचे नाते मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल. त्याच्या मुळाशी जोडल्या जाणाऱ्या धातूपासून इराणी शाखेत लिहिण्याचा शब्द झाला. शाहबाजगढीच्या अशोकलेखातील ‘निपिस्त’ हा शब्द, तसेच फार्सी ‘नवीस’ आणि त्यावरून आलेला फडणवीस, चिटणीस, पारसनीस यांतील उत्तरभाग याच धातूचे.

मूळ क्रियापदाचा वापर : पत्र वा ग्रंथ लिहिणे हा अर्थ सर्वपरिचित आहे. कायद्याच्या भाषेत ‘लेगेम स्क्रीबेरे’ म्हणजे कायद्याचा मसुदा करणे, ‘हेरेदेम स्क्रीबेरे’ म्हणजे मृत्युपत्रात वारस नेमणे, ‘मीलितेस स्क्रीबेरे’ म्हणजे सैनिकांची नावनोंदणी करणे. रोमन नाटककार टेरेन्सच्या नाटकांत येणारा ‘दिकाम स्क्रीबेरे’ (फिर्याद लावणे) हा प्रयोग ग्रीक वाक्प्रचारावर बेतलेला आहे.

पत्रांत या क्रियापदाचा काळ वेगळा चालतो. पत्र वाचले जाईल तेव्हा लेखनाची वेळ मागे पडलेली असेल, या विचाराने रोमन पत्रलेखक वर्तमानातील गोष्ट भूतकाळात सांगतो. रोमन वक्ता सिसेरो आपला मित्र ॲटिकस याला ‘निहिल हाबेबाम क्वोद स्क्रीबेरेम’ असे लिहितो. शब्दशः ‘लिहावे असे माझ्याजवळ काही नव्हते’, प्रत्यक्षात ‘काही नाही’. सिसेरो स्वतःही हा संकेत सर्वत्र पाळत नाही. म्हणून पत्रांवरून घटनांचा क्रम लावताना दर ठिकाणी स्वतंत्र निर्णय करावा लागतो.

इ. स. पू. 186 चा बॅकस या मद्यदेवाच्या पूजेवर निर्बंध घालणारा सीनेटचा ठराव या शब्दसमूहाचा जुना आणि भक्कम साक्षीदार आहे. 1640 मध्ये दक्षिण इटलीत तिरिओलो येथे सापडलेला हा कांस्यपट्ट व्हिएन्नात आहे. आरंभी ठराव लिहिला जाताना हजर असलेल्यांची नावे ‘स्क. आर्फ.’ (लेखनास उपस्थित होते) या संक्षेपाने दिली आहेत. पुढे ‘सुप्राद स्क्रीप्तुम एस्त’ (वर लिहिले आहे) असे येते, आणि शेवटाकडे हा मजकूर कांस्यपट्टावर कोरून घ्यावा, अशी आज्ञा ‘इंकीदेरे’ (कोरणे) या क्रियापदाने दिली आहे. मसुदा ‘लिहिला’ जातो, कायमची प्रत ‘कोरली’ जाते, हा भेद एकाच पट्टावर दिसतो.

उपसर्गयुक्त रूपे : ‘कोन्स्क्रीबेरे’ म्हणजे एकत्र नोंदणे, त्यावरून सेनाभरती करणे आणि ग्रंथ रचणे. सीनेटच्या सभासदांना उद्देशून वापरला जाणारा ‘पात्रेस कोन्स्क्रीप्ती’ हा शब्दप्रयोग दीर्घकाळ वादाचा विषय ठरला आहे. इतिहासकार लिव्हीच्या मते राजांची हकालपट्टी झाल्यावर ब्रूटसने सभासदसंख्या 300 पर्यंत नेली आणि नव्याने घेतलेल्यांना ‘कोन्स्क्रीप्ती’ म्हटले जाऊ लागले. फेस्टसच्या कोशात हे काम पुब्लियुस वालेरियुसचे असून घेतलेले सभासद 164 आणि सामान्य वर्गातले आहेत. या मतानुसार मूळ प्रयोग ‘पात्रेस एत कोन्स्क्रीप्ती’, म्हणजे दोन निराळे गट. दुसऱ्या मतानुसार तो साधा विशेषणयुक्त शब्द असून अर्थ ‘नोंदणी झालेले पितृगण’ एवढाच. दोन्ही कथा घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेल्या असल्याने आकडे जपून वापरावेत. मात्र हेराक्लिआच्या पट्टावरील नगरकायद्यात ‘कोन्स्क्रीप्तुस’ हा शब्द स्वतंत्र नामासारखा येतो. त्यामुळे पहिल्या मताकडे कल असणे योग्य ठरते.

‘देस्क्रीबेरे’ (उतरून घेणे, आकृती काढणे, वर्णन करणे) आणि ‘दिस्क्रीबेरे’ (वाटून देणे, विभागणी करणे) यांची हस्तलिखितांत सतत सरमिसळ झाली आहे. उत्तरकालीन उच्चारात ए आणि इ जवळ आल्याने नकलकारांना फरक राखता आला नाही. एकोणिसाव्या शतकापासून संपादक अर्थ पाहून पाठ दुरुस्त करतात. काही स्थळी दोन्ही अर्थ लागतात आणि तेथे छापील आवृत्त्यांत एकवाक्यता नाही.

‘प्राइस्क्रीबेरे’ म्हणजे अग्रभागी लिहिणे. दाव्याच्या सूत्राआधी लिहिल्या जाणाऱ्या कलमांना यावरूनच नाव पडले, असे विधिज्ञ गायस स्पष्ट सांगतो. पुढे हाच शब्द दीर्घ मुदतीच्या ताब्यावर आधारलेल्या बचावाला लागला. ‘पेरस्क्रीबेरे’ म्हणजे पूर्णपणे लिहून काढणे. सीनेटच्या ठरावांसाठी आणि पेढीवर लेखी रक्कम वळती करण्यासाठी तो वापरत. ‘किर्कुम्स्क्रीबेरे’ म्हणजे भोवती रेघ काढणे, मर्यादा घालणे, आणि फसवणे सुद्धा. इ. स. पू. 168 मध्ये रोमन वकील पोपिलियुस याने इजिप्तवर चालून आलेल्या अँटायोकस राजाभोवती काठीने रेघ ओढून ‘बाहेर पडण्यापूर्वी उत्तर दे’ असे बजावले. सिसेरो आणि लिव्ही दोघेही त्या प्रसंगी हेच क्रियापद योजतात.

‘प्रोस्क्रीबेरे’ म्हणजे मुळात जाहीर फलकावर लिहून लावणे, उदा., घरविक्रीची जाहिरात. इ. स. पू. 82 मध्ये रोमन सेनानी सुल्लाने वध्य विरोधकांच्या याद्या अशाच लावल्या. प्लूटार्कच्या मते पहिल्या दिवशी 80 नावे होती आणि पुढच्या दोन याद्यांत प्रत्येकी 220. त्यानंतर या शब्दाची भीती गेली नाही. इ. स. पू. 43 मध्ये अशा याद्या पुन्हा लागल्या, त्यांत सिसेरोचे नाव होते आणि 7 डिसेंबरला तो मारला गेला. लॅटिनमधील लेखनाविषयी ज्याच्या पत्रांतून सर्वांत अधिक कळते, तो माणूस लेखनाच्याच एका क्रियापदाने मारला जावा, ही गोष्ट नोंद करतानाही अस्वस्थ करते.

‘रेस्क्रीबेरे’ (उलट लिहिणे) आणि ‘सुब्स्क्रीबेरे’ (खाली लिहिणे) हे सम्राटांच्या काळात अर्जनिकालाचे शब्द झाले. कॉमोडस सम्राटाच्या काळातील, आजच्या ट्युनिशियातील शेतकऱ्यांच्या अर्जावरील निकालाखाली ‘दुसऱ्या हस्ताक्षरात : स्क्रीप्सी. रेकोग्नोवी.’ (लिहिले. तपासले.) असे दगडावर कोरले आहे. पहिला शब्द सम्राटाचा आणि दुसरा अधिकाऱ्याचा, ही मांडणी रूढ आहे. ती सर्वमान्य नाही. कुळांनी सम्राटाच्या हातचा तो शब्द दगडावर जपला, यावरून त्याचे मोल कळते. ‘इन्स्क्रीबेरे’ (शीर्षक देणे), ‘अद्स्क्रीबेरे’ (यादीत घालणे), ‘त्रान्स्क्रीबेरे’ (नक्कल करणे, मालकी बदलणे) यांचे अर्थ उपसर्गावरूनच लागतात.

मेण, नांगर, खाडाखोड : मेणाच्या पाटीवर टोकदार लेखणीने लिहिणे म्हणजे ‘एक्सारारे’, शब्दशः नांगरून काढणे. घाईने लिहिलेल्या चिठ्ठीसाठी सिसेरो तो वापरतो. कवी ऑव्हिड ‘पेरारारे’ हे रूप पसंत करतो. त्याच्या बिब्लिस या नायिकेच्या पत्रलेखनात स्क्रीबित (लिहिते), नोतात (खुणावते), देलेत (पुसते), मूतात (बदलते) अशी क्रियापदे अवघ्या दोन ओळींत येतात. लिहिणाऱ्याच्या मनाची घालमेल इतक्या थोडक्यात लॅटिनमध्ये क्वचितच कोणी पकडली असेल. खोडण्यासाठी लेखणीचे चपटे टोक वापरत. त्यामुळे ‘स्तिलुम वेर्तेरे’ (लेखणी उलटी करणे) म्हणजे दुरुस्त करणे. होरेस कवींना तसे वारंवार करण्यास सांगतो. मध्ययुगात एक्सारारे चर्मपत्रावरील शाईच्या लेखनालाही लागू झाले. व्हेरोना येथे 1924 मध्ये उजेडात आलेल्या, बहुधा आठव्या-नवव्या शतकातील कोड्यात पांढऱ्या शेतात काळे बी पेरले जाते, ते याच परंपरेतून.

टिपणे आणि सांगणे : ‘नोतारे’ म्हणजे खूण करणे, त्यावरून लघुलेखनाच्या खुणा. त्यांचे श्रेय सामान्यतः सिसेरोचा मुक्त दास तिरो याला देतात. सेव्हिलच्या इझिडोरने मात्र एनियसने 1,100 खुणा शोधल्याचे आणि सेनेकाने संग्रह 5,000 वर नेल्याचे म्हटले आहे. हा एनियस कवी की त्याच नावाचा व्याकरणकार, याबद्दल संशय आहे. दुसरा पर्याय अधिक संभवनीय. ‘दिक्तारे’ म्हणजे दुसऱ्याला सांगून लिहवणे. धाकटा प्लिनी अंधाऱ्या खोलीत मनात मजकूर जुळवून मग लेखनिकाला बोलावी. वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियनला ही पद्धत नापसंत होती. मध्ययुगात दिक्तारेचा अर्थ ‘रचना करणे’ असा झाला आणि स्क्रीबेरेकडे हाताचे काम उरले. जर्मन ‘डिख्टेन’ (काव्य रचणे) त्यातूनच आला.

सामान्यांचा वापरही दिसतो. पाँपेईच्या एका भिंतीवर झुंजींची जाहिरात रंगवणाऱ्या एमिलियुस केलेरने चांदण्यात एकट्याने लिहिल्याचे ‘स्क्र.’ या संक्षेपासह नोंदवले आहे.

उत्तरकाळ : इटालियन स्क्रिव्हेरे, फ्रेंच एक्रीर, स्पॅनिश एस्क्रिबिर, पोर्तुगीज एस्क्रेव्हेर, रुमानियन स्क्रिए ही याचीच रूपे, जर्मन श्राइबेन लॅटिनमधून उसना. गोव्यात कोमुनिदादीच्या (गावकरी संस्थेच्या) लेखनिकाचे पोर्तुगीज पदनाम ‘एस्क्रिव्हांव’ याच धातूचे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1583 मध्ये गोव्याहून भावाला लिहिलेले पत्र लॅटिनमध्येच आहे. त्यात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळती असल्याचे निरीक्षण आहे.

म्यूनिक येथे 1894 पासून चाललेला लॅटिनचा बृहत्कोश वर्णक्रमाने अजून ‘एस’पर्यंत पोचलेला नाही. त्यामुळे स्क्रीबेरेच्या अर्थविकासासाठी 1879 चा लुईस-शॉर्ट आणि 1968 ते 1982 या काळात निघालेला ऑक्सफर्ड कोश हेच मुख्य आधार आहेत. पैकी ऑक्सफर्ड कोश इ. स. 200 च्या सुमारास थांबत असल्याने ख्रिस्ती आणि मध्ययुगीन प्रयोगांसाठी निराळे कोश पाहावे लागतात.