निष्पत्ती आणि घटना: दोन नाण्यांच्या शक्यता तीन की चार?

दहावीच्या गणित भाग 1 मध्ये संभाव्यतेचं प्रकरण सुरू झालं की लगेच दोन संज्ञा भेटतात, निष्पत्ती आणि घटना. व्याख्या मुलं पाठ करतात. गणितं मात्र इथेच चुकतात.

फासा टाकला, 4 पडले. हे 4 म्हणजे निष्पत्ती, आणि एका फेकीत निष्पत्ती एकच मिळते. पण त्याच 4 मुळे 'सम संख्या पडली' ही घटना घडली, '3 पेक्षा मोठी संख्या पडली' हीसुद्धा घडली, 'मूळ संख्या पडली' ही मात्र घडली नाही. घटना म्हणजे आपण एखादी अट घालून वेचलेल्या निष्पत्तींचा संच. त्यात एकच निष्पत्ती असू शकते, किंवा एकही नसेल: दोन फाशांची बेरीज 13 येणं हा रिक्त संच. एका फाशाच्या वरच्या तिन्ही घटनांची (सम, 3 पेक्षा मोठी, मूळ) संभाव्यता प्रत्येकी 3/6, म्हणजे 1/2 आहे. बेरीज दीड आली म्हणून दचकायचं कारण नाही, कारण बेरीज 1 यायला हवी ती सगळ्या निष्पत्तींच्या संभाव्यतांची.

खरा घोळ दोन नाण्यांत होतो. काय काय होऊ शकतं, असं विचारलं की वर्ग उत्तर देतो: दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एकेक. तीन शक्यता, म्हणून 'एकेक'ची संभाव्यता 1/3! अशा वेळी एक नाणं दोन रुपयांचं आणि एक पाचचं घ्यावं. दोनवर छापा नि पाचवर काटा ही एक निष्पत्ती, दोनवर काटा नि पाचवर छापा ही दुसरी. म्हणजे निष्पत्ती चार, 'एकेक' ही त्यांतल्या दोघींची घटना, आणि संभाव्यता 2/4, म्हणजे 1/2. दोन्ही नाणी पाचचीच घेतली तरी उत्तर बदलत नाही. आपल्याला ती ओळखू येवोत न येवोत, नाण्यांना त्याचं सोयरसुतक नसतं.

मुलांना हसू नये. द'अलांबेरसारखा मातब्बर फ्रेंच गणिती 1754 साली विश्वकोशातल्या लेखात असाच घसरला. नाणं दोनदा फेकून निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता किती? त्याचं म्हणणं, पहिल्यालाच छापा आला तर खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच: छापा, काटा-छापा, काटा-काटा. उत्तर 2/3. पण 'पहिल्यालाच छापा' या घटनेच्या पोटात दोन निष्पत्ती आहेत. बरोबर उत्तर 3/4.

तीन फाशांचा प्रश्न गॅलिलिओपुढे आला होता. बेरीज 9 सहा तऱ्हांनी होते, 10 सुद्धा सहाच तऱ्हांनी, मग जुगाऱ्यांना 10 जास्त वेळा का दिसते? कारण तऱ्हा सारख्या वजनाच्या नाहीत. 3-3-3 ही तऱ्हा एकाच निष्पत्तीची, 1-2-6 ही सहांची. एकूण 216 निष्पत्तींपैकी 9 च्या वाट्याला 25 येतात, 10 च्या वाट्याला 27. इतका बारीक फरक खेळून खेळून हेरणाऱ्या जुगाऱ्यांची मला कमालच वाटते.

अनुकूल (म्हणजे घटनेत बसणाऱ्या) भागिले एकूण हे संभाव्यतेचं सूत्र समसंभाव्य, म्हणजे सारखीच शक्यता असलेल्या, निष्पत्ती मोजण्यासाठी आहे, नावं दिलेल्या घटना मोजण्यासाठी नाही. "लॉटरी लागेल किंवा लागणार नाही, म्हणजे 1/2" असं म्हणणारा वर्गात एक तरी असतोच. त्याला विचारावं: 'लागेल' या घटनेत तिकिटं किती, आणि 'लागणार नाही' या घटनेत किती?