सिंक आणि बॅकअप: घरच्या सर्व्हरसाठी सेवा घेण्याआधी

घरच्या सर्व्हरचा, म्हणजे घरी सतत चालू ठेवलेल्या, फायली साठवणाऱ्या संगणकाचा, बॅकअप कुठे आहे, असं विचारलं की हमखास उत्तर येतं, "गूगल ड्राइव्हला सिंक लावलंय ना." नाही. तो बॅकअप नाही, आणि चांगले जाणते लोकही हा घोळ वर्षानुवर्षं घालतायत.

सिंक तुम्हाला ठाऊक आहे: इकडे बदल केला की तिकडे होतो. ते काम सिंक चोख करतं. रेडबद्दलही, म्हणजे एकाच डेटासाठी अनेक डिस्क जोडून वापरण्याच्या पद्धतीबद्दलही, एका वाक्यात सांगतो: डिस्क बिघडली तरी सर्व्हर चालू ठेवणं एवढंच त्याचं काम.

खरी गफलत इथे होते. सिंकला फक्त "आत्ता" कळतं. तुम्ही फाइल पुसलीत तर पुसणं हाही एक बदलच, आणि सिंक तो इमानेइतबारे पलीकडे पोचवतं. एप्रिल 2021 मध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरने (फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने) क्यूनॅप कंपनीच्या नॅसवरच्या (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या यंत्रावरच्या) फायली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिप गठ्ठ्यांमध्ये कोंबल्या आणि मूळ फायली काढून टाकल्या. सिंकच्या दृष्टीने हे रोजचंच काम: काही नव्या फायली आल्या, काही जुन्या गेल्या, दोन्ही बाजू सारख्या करा. बॅकअपचं काम याच्या उलट आहे. इकडे काहीही झालं तरी गेल्या मंगळवारची, गेल्या महिन्यातली, दिवाळीआधीची स्थिती त्याने जपून ठेवायची.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: "ट्रॅश आहे की! जुन्या आवृत्त्याही असतात." असतात, पण गूगल ड्राइव्हचा ट्रॅश 30 दिवसांनी रिकामा होतो, आणि साध्या फायलींच्या जुन्या आवृत्त्याही 30 दिवस किंवा 100 आवृत्त्या एवढ्याच राहतात. रोज उघडायच्या वर्ड फाइलला हे पुरतं. घरचा सर्व्हर मात्र कोपऱ्यात गुपचूप चालणारं यंत्र. त्यावरचा 2014 सालचा फोटोंचा फोल्डर आज खराब झाला, तर तो कुणीतरी उघडेल पुढच्या लग्नसराईत. तोवर 30 दिवस कधीच उलटलेले असतात. शिवाय हजारो फायलींच्या जुन्या आवृत्त्या एकेक करून शोधणं वेगळंच. बॅकअपच्या साधनात अख्खा स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवशीची सगळ्या फायलींची स्थिती, एका तारखेने परत मिळतो.

म्हणून कुठल्याही सेवेला एकच प्रश्न विचारा: तीन महिन्यांपूर्वीचा हा पूर्ण फोल्डर, त्या दिवशी होता तसा, मला एका आज्ञेत परत मिळेल का? उत्तर "हो" नसेल तर तिथे बॅकअपचे पैसे देऊ नका. हा प्रश्न साधनालाही लागू आहे. आरक्लोन या फायली क्लाउडवर नेणाऱ्या साधनाची "सिंक" आज्ञा स्रोतात नसलेलं पलीकडूनही काढून टाकते. आरसिंक या फायलींची नक्कल करणाऱ्या साधनाला "डिलीट" पर्याय लावला की तेच. जागा कितीही भारी कंपनीकडे घेतली तरी अशा आज्ञेने पलीकडे आरसाच उभा राहतो.

याच प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल फारसं कुणी बोलत नाही: पलीकडचा डेटा पुसायची किल्ली (प्रवेशाचा गुप्त कोड) कुणाकडे आहे? ती सर्व्हरवरच असेल तर सर्व्हरमध्ये घुसलेल्याच्याही हाती ती असते. बॅकब्लेझ कंपनीच्या बी-टू या ऑनलाइन साठवणुकीवर फायली कायमच्या पुसण्याचा अधिकार नसलेली किल्ली बनवता येते, ठरावीक मुदतीसाठी फायली कुलूपबंदही ठेवता येतात. हे ज्या सेवेत जमत नाही ती मी घेणार नाही, कितीही स्वस्त असली तरी.

बाकी तुलना झटपट उरकतो. बॅकब्लेझची "अनलिमिटेड" घरगुती योजना फक्त विंडोज आणि मॅकसाठी आहे. लिनक्स सर्व्हर किंवा नॅससाठी नाही. बी-टू वेगळं, तिथे साठवाल तेवढे पैसे. ॲमेझॉनचं ग्लेशियर डीप आर्काइव्ह दिसायला अतिस्वस्त, पण डेटा बाहेर काढायला 12 ते 48 तास थांबावं लागतं, डेटा काढण्याचं बिल वेगळं, आणि आज टाकून उद्या पुसलं तरी 180 दिवसांचे पैसे लागतात. माझी पसंती रिस्टिक हे बॅकअपचं साधन आणि बी-टू. डेटा युरोपात ठेवायचा असेल तर बोर्ग हे तसंच साधन आणि हेट्झनर या जर्मन कंपनीची स्टोरेज बॉक्स ही साठवणूक. रिस्टिक डेटा तुमच्याच मशीनवर एन्क्रिप्ट करतं (पासवर्डाशिवाय वाचता येऊ नये असा करतं), त्यामुळे पासवर्ड हरवला तर कंपनीही काही करू शकत नाही. तो कागदावर लिहून दुसऱ्या घरी ठेवा.

भारतातल्यांसाठी दोन गोष्टी. 100 एमबीपीएस अपलोडवर 1 टीबी चढवायला साधारण 22 तास लागतात, 20 एमबीपीएसवर साडेचार दिवसांहून जास्त. हे पहिल्या वेळेपुरतंच, पण प्लॅनची महिन्याची डेटा मर्यादा आधी पाहून घ्या. दुसरं, ऑक्टोबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नियम कडक झाल्यापासून परदेशी सेवांची कार्डावरची परस्पर वसुली फसू शकते. बिल थकलं की डेटा पुसला जाऊ शकतो, म्हणून सेवेकडून येणारे मेल रोजच्या वापरातल्या पत्त्यावरच येऊ द्या.

आणि चालू डेटाबेसच्या फायली तशाच उचलू नका. इमिच या फोटोंच्या ॲपचे फोटो घ्या, पण त्याच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप (एका फाइलमध्ये काढलेली पूर्ण प्रत) आधी काढून तोही सोबत घ्या, नाहीतर फोटो परत येतील आणि अल्बम, चेहऱ्यांना दिलेली नावं गेलेली असतील. मग एका रविवारी दुसऱ्याच लॅपटॉपवर, फक्त त्या कागदावरचा पासवर्ड आणि सेवेचं लॉगिन वापरून, एक पूर्ण फोल्डर परत आणून बघा.