बेकन बिट्स चिवट का होतात?

"पॅनमधून काढले तेव्हा मस्त होते, तासाभरात चिवट झाले. पाकिटातलं बेकन ओलं होतं का?" बेकन बिट्सबद्दल, म्हणजे मीठ लावून मुरवलेल्या डुकराच्या मांसाच्या कुरकुरीत तळलेल्या बारीक तुकड्यांबद्दल, हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आता प्रत्येक पाकिटासोबत हा कागद देत आहोत.

बेकन ओलं नव्हतं. आम्ही मांसात मिठाचं पाणी टोचून वजन वाढवत नाही. मीठ वरून चोळून मुरवतो, त्यात मांसातलंच थोडं पाणी निघून जातं. म्हणून आमचं बेकन तळताना पॅनमध्ये पांढरट पाणी साचत नाही. चूक होते ती आचेची.

पॅन कडकडीत तापवून तुकडे टाकले की दोन-तीन मिनिटांत बाहेरून तपकिरी होतात आणि झाले असं वाटतं. पण आतली चरबी अजून तशीच असते, पाणीही पुरतं उडालेलं नसतं. तुकडे गार होताना ते पाणी बाहेरच्या कुरकुरीत थरात उतरतं. मग पुन्हा तळायला घ्यावं, तर आतला भाग होईपर्यंत बाहेरचा करपून कडू होतो. पाकीट वाया, वेळही वाया.

म्हणून तुकडे थंड पॅनमध्ये पसरा आणि मग खाली मंद आच लावा. तेल नको. दोन-तीन चमचे पाणी घातलंत तर आणखी चांगलं: ते उडेपर्यंत पॅन फार तापत नाही आणि चरबीला वितळायला सवड मिळते. अधूनमधून हलवत राहा. साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. आमचे काप जाड असल्याने थोडी जास्तही लागतील. घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवा. आधी जोरात तडतडतं, पाणी संपत आलं की आवाज खाली येतो आणि चरबीवर बारीक फेस चढतो. हवा त्यापेक्षा रंग किंचित फिका असतानाच झाऱ्याने काढा, कारण गरम चरबीतून काढल्यावरही ते थोडे शिजत राहतात. रंगावरून मात्र कच्चं-पक्कं ठरवू नका. मुरवलेलं मांस शिजल्यावरही आतून गुलाबीच राहतं.

कापायच्या आधी पाकीट अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, सुरी घसरत नाही. तुकडे सेंटिमीटरभराचे ठेवा, आकसून निम्मे होतात. वजनही असंच घटतं: ५०० ग्रॅममधून १५० ते १७५ ग्रॅम बिट्स निघतात. "इतकेच?" म्हणून दचकू नका. बाकीच्या वजनातलं पाणी उडून गेलं आणि चरबी पॅनमध्ये आहे. ती गाळून बाटलीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा. बटाटे परतायला याहून चांगलं काही आम्हाला माहीत नाही. सिंकमध्ये ओतू नका, गोठून नळी तुंबते.

बिट्स टिपकागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच डबा बंद करा; कोमट असताना झाकण लावलं की वाफेने सगळी मेहनत जाते. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर चव टिकते. बाहेर ठेवू नका. बाजारातल्या ज्या बाटल्या महिनोन्महिने कपाटात राहतात, त्यातले पुष्कळसे तुकडे सोयाचे असतात, त्यांना फक्त धुराचा वास दिलेला असतो.

सॅलड, सूप किंवा आमलेटवर वाढायच्या क्षणी घाला आणि त्या पदार्थात मीठ नेहमीपेक्षा कमी टाका.

तयार बिट्स आम्ही का विकत नाही, हेही बरेच जण विचारतात. ताजे तळलेले आणि चार दिवस डब्यात पडलेले यांच्यातला फरक आम्हाला लपवता येत नाही, म्हणून. फक्त बिट्सच करायचे असतील तर महागडे सरळ काप घेऊ नका. काप पाडताना निघालेल्या कडांचं वेगळं पाकीट मागा. मांस तेच, मुरवणं तेच, फक्त आकार वेडावाकडा, आणि तुम्ही ते चिरणारच आहात.