डबीची मागची बाजू

थंडी पडली की जांबोटीच्या आमच्या मावशीच्या टाचा उलतात. भाताची मळणी आटोपलेली असते, सकाळी अंगणात दव असतं आणि ती दिवसभर अनवाणी. संध्याकाळी घमेल्यात ऊन पाणी आणि मूठभर मीठ घालून पाय सोडून बसते. मग फडक्यानं टिपायचं, कोकमतेलाच्या गोळ्याचा एक तुकडा मोडून चमच्यात घ्यायचा, चुलीवर धरायचा आणि वितळून जरासा निवला की भेगांत सोडायचा. वर जुने मोजे.

यंदा तिची सून बेळगावात गणपत गल्लीत गेली होती. तिथून भेगांचं क्रीम घेऊन आली. १०० ग्रॅमची डबी, ३४९ रुपये, झाकणावर कोकमाची फळं आणि ठळक अक्षरांत ‘कोकम बटर’. मावशी खूश. "तेच हाय की गं, फक्त चूल पेटवायला नको."

मी रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे डबी हातात आली की उलटी करायची खोड आहे.

आपल्या सीमाभागात पाटीवरचं कुठलं अक्षर किती मोठं यावरून पिढ्या भांडल्या. क्रीमच्या डबीमागची यादी मात्र मराठीतही नाही आणि कन्नडमध्येही नाही. तिथे पाण्यालासुद्धा लॅटिन नाव: अ‍ॅक्वा. मावशीच्या डबीवर पहिलं नाव तेच होतं. पुढे पॅराफिनम लिक्विडम, म्हणजे खनिज तेल. मग ग्लिसरीन, सिटेरिल अल्कोहोल, ग्लिसरिल स्टिअरेट, फिनॉक्सिइथेनॉल, कार्बोमर आणि त्याच्याही मागे गार्सिनिया इंडिका सीड बटर. हे आपलं कोकमतेल! शेवटी परफ्युम आणि सीआय १९१४०, म्हणजे टारट्राझिन हा पिवळा रंग.

ही यादी कशीही लिहिलेली नसते. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. जे सर्वांत जास्त ते पहिलं. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्या मागे येतात आणि ते कुठल्याही क्रमानं लिहिले तरी चालतात. टक्के मात्र छापलेले नसतात, मग ही १ टक्क्याची रेघ ओळखायची कशी? इथे फिनॉक्सिइथेनॉल कामाला येतं. क्रीम नासू नये म्हणून घालतात ते हे परिरक्षक. युरोपातल्या नियमात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे आणि बाकीकडेही सहसा तेवढीच पाळतात. ते दिसलं की समजायचं, रेघ इथे किंवा याच्याही आधी आली. त्याच्यामागे जे काही आहे ते बहुतेक १ टक्क्याच्या आतलं.

म्हणजे १०० ग्रॅमच्या डबीत कोकमतेल फार तर १ ग्रॅम. मावशी चमच्यात घेते तो तुकडा याच्या कितीतरी पट मोठा असतो.

यादीत मागे आहे म्हणून घटक निकामी, असंही नाही. रेटिनॉल (सुरकुत्यांवर वापरतात ते अ जीवनसत्त्व) किंवा सोडियम हायलुरोनेट (पाणी धरून ठेवणारा घटक) यांसारख्या गोष्टी मुळात कणभरच लागतात आणि त्यांची जागा शेपटाकडेच असते. पण कोकमतेल, बदामतेल, शिया बटर हे लोणी-तेलाच्या जातीचे पदार्थ. ते चिमूटभर घालून कातडीवर काही घडत नाही, झाकणावर चित्र छापायची सोय तेवढी होते. केशर-बदामाच्या क्रीममध्ये केशर कुठल्या जागेवर आहे, एकदा बघाच.

सुनेची शंका वेगळीच होती. "ह्यात अल्कोहोल हाय म्हणतंय!" नाव सारखं असलं तरी सिटेरिल अल्कोहोल हा मेणासारखा पांढरा, घट्ट पदार्थ आहे. तो क्रीमला दाटपणा आणि कातडीला मऊपणा देतो. हात कोरडे पाडतं ते ‘अल्कोहोल डिनॅट’, सॅनिटायझरमधलं. ते यादीत दुसरं-तिसरं असेल तर कोरड्या कातडीच्या माणसानं डबी खाली ठेवावी.

मग हे क्रीम टाकाऊ का? तर नाही. का नाही, हे कळायला आधी टाच समजून घ्यावी लागते. तळपायाच्या आणि तळहाताच्या कातडीला तेलग्रंथीच नसतात. टाचेवरचा मृत पेशींचा थर शरीरातल्या इतर कातडीपेक्षा कितीतरी जाड असतो. त्यातलं पाणी साधारण १० टक्क्यांच्या खाली गेलं की तो ठिसूळ होतो, आणि वरून अंगाचा भार पडला की उलतो. वाळलेल्या तळ्याची चिखलजमीन आठवा.

१९५२ साली आयर्विन ब्लँक या अमेरिकन शास्त्रज्ञानं एक साधाच पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध केला. वाळलेल्या घट्ट्याचे तुकडे त्यानं तेलात ठेवले. ते कडकच राहिले. पाण्यानं मात्र मऊ पडले. कातडी मऊ होते ती पाण्यानं, तेल फक्त ते पाणी उडून जाऊ देत नाही. तेल म्हणजे भातावरचं झाकण. भात शिजतो तो पाण्यात.

मावशीचं घमेलं हे त्यातलं पाणी आणि कोकमतेल हे झाकण. हे तेल खोलीच्या उबेत घट्ट राहतं, ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून भेगेत जाऊन थिजतं आणि बसून राहतं. ब्लँकचा प्रयोग माहीत नसताना जांबोटीच्या बायकांनी क्रम बरोबर लावला होता, याचं मला खरंच कौतुक वाटतं. सुनेनं आणलेल्या डबीतही हीच कामं करणारे तीन कामगार आहेत. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, सिटेरिल अल्कोहोल खरखर भरून काढतं, खनिज तेल झाकण घालतं. बिनकोकमाचं असंच क्रीम औषधाच्या दुकानात बऱ्याच कमी पैशांत मिळतं. दोन डब्या शेजारी ठेवा, पहिली पाच नावं ताडून पाहा आणि १०० ग्रॅमला किती पडतात याचा हिशोब करा.

भेगांसाठी माझं मत विचाराल तर यादीत युरिया शोधा. तो आपल्या कातडीत मुळातच असतो आणि पाणी खेचून धरतो. १० टक्क्यांच्या आसपास ओलावा देतो, २० च्या पुढे घट्टे मऊ करून सोडवतो. उघड्या भेगेत झोंबतो, हे आधी सांगितलेलं बरं. साखरेचा आजार असलेल्यांनी खोल भेगांवर घरचे उपाय करत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं.

तेवढ्यात मावशीची नात आतून तिची डबी घेऊन आली. चैत्रात लग्न आहे. मैत्रिणीनं बाजारातून आणून दिलेलं, आठ दिवसांत चेहरा उजळणारं. आणि खरंच उजळला होता, गालांवर मात्र लाली होती आणि बारीक शिरा दिसत होत्या.

असा झटपट उजाळा सहसा तीन गोष्टींतून येतो. एक स्टेरॉइड: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. ही औषधं आहेत. चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली गेली. महिनोन्‌महिने चोळली की कातडी पातळ होते, मुरमं येतात, केस उगवतात, आणि बंद केलं की चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. दुसरं हायड्रोक्विनोन, काळे डाग फिके करणारं औषध, तेही डॉक्टरच्या देखरेखीखालचं. तिसरा पारा, कधी ‘कॅलोमेल’ या नावानं. तो काळेपणा तयार करणारं एन्झाइम अडवतो, पण कातडीतून आत शिरून मूत्रपिंडं बिघडवतो. केरळातल्या डॉक्टरांनी उजळपणाची क्रीमं वापरणाऱ्या रुग्णांत असा आजार नोंदवला आहे. आपल्या नियमांत बहुतेक प्रसाधनांत चुकून राहिलेला पारासुद्धा दहा लाखांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही.

"ह्यात काय काय हाय, वाच की," नात म्हणाली.

मी डबी उलटी केली. मागं काहीच छापलेलं नव्हतं.