मॉडेल इंजिनचे व्हॉल्व्ह : हेड दुकानात आणण्याआधी वाचा

आमचा रोजचा धंदा विहिरीवरच्या डिझेल इंजिनांच्या हेडांचा (सिलिंडरवरच्या झाकणांचा) आणि दालमिलच्या शाफ्टांचा. पण भुसावळ-जळगावकडची पॉलिटेक्निकची पोरं आणि रेल्वेतून निवृत्त झालेले हौशी फिटर घरी बनवलेली छोटी पेट्रोल इंजिनंही आणतात. तक्रार बहुधा एकच : एखाद-दुसरा ठोका देतं, पण धरत नाही. कॉम्प्रेशनच नसतं, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबच धरला जात नाही.

छोट्या इंजिनाला गळती सोसत नाही. ८० बाय ११० मिमीचं पंपाचं इंजिन पाव मापात बनवलं, तर ५५३ सीसीचे जेमतेम ८.६ सीसी उरतात. आतली जागा ६४ पटीनं घटते, सीटचा, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेचा, घेर मात्र चौपटीनंच. पंपाला जी फट जाणवतही नाही, ती इथे सगळा दाब खाते.

मग लोक घासायची पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासत बसतात. कृपया थांबा. घासून सीट रुंद होते, व्हॉल्व्हला खाच पडते, आणि मूळ दोष तसाच राहतो. तो बहुतेक वेळा गाईडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी (स्टेम) ज्या नळीत सरकते तिच्यात, असतो : गाईडचं भोक आणि सीट एका मध्यावर नसतात. ओळखायला सोपं आहे. व्हॉल्व्हच्या तिरक्या कडेला मार्करची शाई लावा, सीटवर दाबून जरासा फिरवा. शाई एकाच बाजूला पुसली गेली तर कितीही पेस्ट लावा, उपयोग नाही.

उपाय असा : गाईड आधी हेडमध्ये ठोकून बसवायचा, मग भोक नेमक्या मापाला आणायला रीमर मारायचा, आणि त्याच भोकात दांडा घट्ट फिरेल अशा ४५ अंशाच्या कटरनं हातानं सीट कापायची. अर्धा मिमी रुंदी पुरे. स्टेम आणि गाईडमध्ये आम्ही ०.०२ ते ०.०३ मिमी सैल ठेवतो. शेवटी बारीक पेस्टनं थोडंसं लॅपिंग (घासणं), तेही हातानं, ड्रिलला लावून नाही. पंपाच्या हेडची जाड पेस्ट तर नकोच. नंतर सगळं स्वच्छ धुवा, नाहीतर पितळी गाईडमध्ये रुतलेले कण स्टेम खात राहतील.

हेड अॅल्युमिनियमचं असेल तर त्यातच सीट कापू नका, गनमेटलची रिंग बसवावी लागते.

गळती दाबायला कडक स्प्रिंग घालण्याची युक्ती आम्हाला पटत नाही. व्हॉल्व्ह उचलणारा कॅम झिजतो. इनलेट व्हॉल्व्ह नुसत्या पिस्टनच्या ओढीवर उघडणारा असेल, तर तो उघडणारच नाही.

तपासणी पेट्रोलनं करू नका, आगीची भीती आहेच. रॉकेल हल्ली मिळत नाही, डिझेल चालतं. पोर्टमध्ये ओता, पाच मिनिटं थांबा, व्हॉल्व्हच्या तोंडाशी ओल दिसते का पाहा.

आमच्याकडे काम द्यायचं असेल तर हेडसोबत व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि मापं लिहिलेला कागद आणा. गाईड सुटे आणा, ठोकून आणू नका. ठोकलेले काढताना हेड तडकलं तर त्याची जबाबदारी आम्ही घेत नाही.