बाप नसलेला नर आणि संत्र्याची कोळशी

मागच्या मार्चअखेरीस वरुडजवळच्या मामाच्या संत्राबागेत फवारणीची सगळी तयारी झाली होती. टाकीत पाणी भरलेलं, पंप धुऊन ठेवलेला, औषधाच्या बाटलीचं झाकण तेवढं उघडायचं बाकी. झाडं काजळी फासल्यासारखी काळी पडलेली आणि पानं हाताला चिकट. "कोळशी आली, फवारा मारला पायजे," एवढंच मामाचं म्हणणं. मी सवयीनं एक पान उलटं केलं आणि भिंग लावलं. खालच्या बाजूला काळ्या, काटेरी टिकल्या होत्या, कडेला पांढऱ्या मेणाची बारीक झालर. त्यातल्या कितीतरी टिकल्यांच्या पाठीवर एकेक स्वच्छ गोल भोक.

भिंग मामाच्या हातात दिलं. "हे भोकं कायचे?" त्यानं विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर बांधावर बसून द्यायला मला दुपार लागली, आणि मामी दोनदा जेवायला बोलावून गेली.

आधी कोळशीबद्दल. पानावर दिसणारा काळा थर ही बुरशी आहे, पण ती पानाला खात नाही. पानाच्या खाली बसून रस पिणारी एक माशी गोड, चिकट पाणी टाकत राहते आणि ही बुरशी त्यावर वाढते. माशीचं नाव काळी माशी, शास्त्रीय नाव अल्युरोकँथस वोग्लुमी. रंगानं काळी असली तरी ती पांढऱ्या माशीच्याच कुलातली. पानाखाली ती चक्रीसारखी गोल गोल अंडी घालते. अंड्यातून निघालेलं पिल्लू थोडं चालतं, एका जागी सोंड खुपसतं आणि मोठं होईपर्यंत तिथून हलत नाही. त्या काळ्या टिकल्या म्हणजे ही पिल्लं. मोठी झालेली माशी बाहेर येते तेव्हा टिकलीच्या पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पडते.

भोक गोल असेल, तर बाहेर आलेलं प्रकरण वेगळं असतं.

ती परोपजीवी गांधीलमाशी. गांधीलमाशी म्हटलं की आपल्याला छपराखालचं पोळं आणि सुजलेला गाल आठवतो, म्हणून आधीच सांगतो की ही मिलिमीटरभरही नसते. ती माणसाला चावत नाही, आणि नुसत्या डोळ्यांना पानावरून धुळीचा कण सरकल्यासारखी दिसते. तिच्या एका मोठ्या प्रजातीचं नाव एन्कार्शिया. यातल्या जाती पांढऱ्या माश्यांवर आणि खवले किडींवर जगतात, आणि क्वचित एखादी वाट वाकडी करते. २००२ मध्ये सांगलीकडून उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा ईशान्य भारतातून आणलेली एन्कार्शिया फ्लॅवोस्क्युटेलम ही चक्क माव्यावर जगणारी निघाली.

मादी टिकलीवर चढते, मिशांनी ठोकून बघते आणि नळी खुपसून आत अंडं घालते. अळी टिकलीला आतून खाऊन संपवते, तिच्याच रिकाम्या कातड्यात कोष करते आणि पाठीला गोल भोक पाडून निघून जाते. इथपर्यंत मामाला पटलं. शेतकऱ्याला मित्रकीटक ही गोष्ट नवी नाही.

पण ही फक्त मुलींची गोष्ट झाली. मुलगे असे वाढत नाहीत.

मधमाश्या, मुंग्या, गांधीलमाश्या या सगळ्यांत लिंग ठरवण्याची रीत आपल्याहून वेगळी आहे. अंडं फळलं तर मादी, न फळता तसंच वाढलं तर नर. म्हणजे नराला आई असते पण बाप नसतो. (आईचा बाप मात्र असतो, म्हणून त्याला आजोबा आहे!) मादी एकदा नराला भेटली की त्याचं बीज पोटातल्या एका पिशवीत साठवते, आणि प्रत्येक अंडं घालताना ती पिशवी उघडायची की नाही हे तिच्या हातात असतं. मुलगी की मुलगा, हे तिनं ठरवायचं.

एन्कार्शियाच्या पुष्कळ जातींत, विशेषतः काळ्या माशीवरच्या एन्कार्शिया पर्प्लेक्सामध्ये, हा निर्णय जागा बघून होतो. समोर ताजी, न शिवलेली टिकली असेल तर मादी फळलेलं अंडं घालते. पण नळी आत गेल्यावर तिला आधीच तिच्याच जातीची, कोषाच्या उंबरठ्यावर आलेली मादी अळी लागली, तर ती न फळलेलं अंडं घालते. त्यातून नर निघतो आणि तो माशीला शिवतही नाही. तो त्या मादी अळीला खाऊन वाढतो. ती त्याची बहीण असू शकते, मावशी असू शकते, कुणी परकीही असू शकते. डब्यात डबा तसं हे आहे. पानावर माशी, माशीत मादी, मादीवर नर. स्टॅन्ली फ्लँडर्स या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात खवले किडींवरच्या कोकोफॅगस या नातेवाईक प्रजातीत हे ओळखलं. त्याआधी प्रयोगशाळेत अशा माश्या वाढवणाऱ्यांचे हाल होत. माद्याच माद्या निघत आणि पुढच्या पिढीत कारखाना बंद पडे. मुलग्यांसाठी वेगळं "खाद्य" लागतं आणि ते खाद्य म्हणजे मुलीच, हे कुणाच्या डोक्यात यावं?

आता थोडं डोकं लावावं लागेल. सर्वसाधारण प्राण्यांत मुलगे आणि मुली यांचं प्रमाण निम्म्यानिम्म्याकडे ओढलं जातं. जे लिंग कमी पडतं त्याला नातवंडं जास्त होतात, म्हणून तराजू परत सरळ होतो. इथे मात्र मादीची अडचण दोन प्रकारची असू शकते. पोटात अंडी कमी आणि पानावर जागा भरपूर असेल, तर तिला निवड करता येते आणि तराजू लागू पडतो. उलट, अंडी भरपूर आणि जागा कमी असेल, तर मिळेल ती जागा ती सोडत नाही. मग नर-मादीचं प्रमाण तिच्या मर्जीवर न राहता पानावर ताज्या टिकल्या किती आणि आधीच व्यापलेल्या किती, यावर ठरतं. माशी बोकाळलेल्या बागेत मुलीच मुली होतात. माशी संपत आली की जिकडेतिकडे व्यापलेल्या टिकल्या, म्हणून मुलगे वाढतात आणि पुढच्या पिढीच्या मुली खाल्ल्या जातात. म्हणजे गांधीलमाशी स्वतःच स्वतःला आवरते. आवरते म्हणून कीडनियंत्रण ढिलं पडतं की उलट दोन्ही कमी संख्येत टिकून राहतात, यावर कीटकशास्त्रज्ञ बराच काळ भांडले आहेत. मामा इथे उठून पाण्याचा पंप बंद करायला गेला.

तो परतल्यावर मी मेक्सिकोची गोष्ट सांगितली, कारण ती थेट आपल्याकडची आहे. काळी माशी मूळची आशियातली. १९१३ मध्ये ती जमैकात सापडली आणि १९३५ मध्ये मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर सिनालोआत. मलायातून क्यूबात नेलेली एरेटमोसेरस सेरियस ही दुसरी परोपजीवी माशी तिथे छान चालली होती, पण मेक्सिकोच्या कोरड्या भागात ती टिकेना. मग हर्बर्ट स्मिथ हा अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ १९४०च्या दशकाच्या शेवटी भारत आणि पाकिस्तानातल्या लिंबूवर्गीय बागांतून फिरला, आणि इथल्या कोरड्या उन्हाळ्याची सवय असलेल्या जाती त्यानं पाठवल्या. एन्कार्शिया पर्प्लेक्सा (तेव्हा तिला ओप्युलेंटा म्हणत), एन्कार्शिया क्लायपियालिस आणि अमायटस हेस्पेरिडम. मेक्सिकोतली काळी माशी काही वर्षांत आटोक्यात आली. १९७६ मध्ये ती फ्लॉरिडात फोर्ट लॉडरडेलला निघाली तेव्हाही पर्प्लेक्सा आणि अमायटस याच दोघींना बोलावलं. आपल्या बागांतल्या या जाती परदेशात सोन्यासारख्या जपल्या गेल्या, आणि आपण त्यांच्यावर पंप चालवतो.

मामाच्या बागेत नेमकी कोणती जात होती, ते मी सांगू शकत नाही. त्यासाठी गांधीलमाशी काचेच्या पट्टीवर चढवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. पण गोल भोक खोटं बोलत नाही. बुरशी मात्र बोलते. माशी मेल्यावरही काळा थर पानावर राहतो, म्हणून काळं झाड बघून फवारणारा माणूस पुष्कळदा आधीच संपलेल्या लढाईत उतरतो. मेणानं झाकलेली उरलीसुरली पिल्लं त्यातून वाचतात, उघड्यावर फिरणारी गांधीलमाशी मरते आणि पुढच्या बहाराला माशी दुप्पट जोरानं येते.

शेजारच्या बागेत फाटकावर काळी बाहुली आणि लिंबू-मिरच्या टांगल्या होत्या. कोळशी म्हणजे बागेला लागलेली नजर, असं तिथल्या म्हाताऱ्या बाबांचं मत. लिंबाच्याच भाऊबंदांच्या बागेला नजर उतरवायला लिंबू बांधायचा, हे मला कधी उमगलं नाही. पण बाहुलीनं निदान कुणी मरत नाही. "सर्व किडींवर जैविक उपाय" म्हणून कोळशीसाठी ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा या दुसऱ्या परोपजीवी गांधीलमाशीचं कार्ड) गळ्यात मारणाऱ्यांचा मला जास्त राग आहे. ट्रायकोग्रामा पतंगांच्या अंड्यांवर जगते. काळ्या माशीशी तिचं देणंघेणं नाही.

मुंगळे हा मामाचा शेवटचा प्रश्न होता, आणि तो बरोबर होता. गोड पाण्याच्या लोभानं मुंगळे झाडावर चढतात आणि गांधीलमाशीला टिकलीवर नीट बसू देत नाहीत. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या तर त्यांचा अर्धा रस्ता बंद होतो.

संध्याकाळी मामानं दहा झाडांची पाच-पाच पानं तोडून आणली आणि पडवीत कंदिलाएवढ्या दिव्याखाली बसून भोकं मोजली. गोल एका बाजूला, टी दुसऱ्या बाजूला, जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर उभ्या रेघा मारत. औषधाची बाटली न फोडता दुकानात परत गेली. दुकानदारानं ती परत घ्यायला आठ दिवस लावले.